एका पाटीतल्या शिंपल्या, जाती किती? डीएनए बारकोडिंगचा पहिला प्रकल्प

रत्नागिरीहून पावसकडे निघालं की भाट्याचा पूल लागतो. ओहोटीला काजळी नदीचं मुख उघडं पडतं आणि गुडघाभर पाण्यात वाकून शिंपल्या काढणाऱ्या बायका दिसतात. त्यांच्या पाटीतून एक मूठ उचलून बघा. एक शिंपली पांढुरकी, एक काळपट, एकीवर तपकिरी पट्टे, एक गोलसर, एक जरा तिरकस. ही एकाच जातीची रंगीबेरंगी भावंडं आहेत, की दोन-तीन वेगळ्या जाती एका पाटीत येऊन पडल्या आहेत? नुसत्या कवचावरून हे सांगताना जाणकारही अडखळतात, कारण मेरेट्रिक्स प्रजातीतल्या (जीनसमधल्या) शिंपल्यांचे रंग फार फसवे असतात.

आण्विक जीवशास्त्र, आनुवंशिकी आणि उत्क्रांती या तिन्ही गोष्टींची तोंडओळख करून देणारा पहिला प्रकल्प कोणता, असं बीएस्सी-एमएस्सीची मुलं विचारतात, तेव्हा मी त्यांना हाच प्रश्न देतो. विमानाचं तिकीट लागत नाही, जंगलात जावं लागत नाही, आणि उरलेला नमुना जेवणात खपतो.

पद्धतीचं नाव डीएनए बारकोडिंग. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातले पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली ही कल्पना मांडली. प्राण्यांच्या पेशीत मायटोकाँड्रियाचा स्वतःचा छोटा डीएनए असतो. त्यातल्या सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण 650 अक्षरांचा तुकडा वाचायचा. एका जातीच्या प्राण्यांमध्ये तो जवळजवळ सारखा निघतो, वेगळ्या जातींमध्ये बऱ्यापैकी वेगळा. दुकानातल्या मालावरच्या काळ्या रेघांसारखाच हा प्रकार, म्हणून नाव बारकोड.

आधी प्रश्न छोटा करा

‘कोकणातील सागरी जैवविविधतेचा आण्विक अभ्यास’ असं शीर्षक घेऊन दरवर्षी कुणीतरी येतंच. ते दहा जणांच्या आयुष्याचं काम आहे. तुमचा प्रश्न एका श्वासात सांगता आला पाहिजे: रत्नागिरीजवळच्या भाट्ये आणि काळबादेवी या दोन खाड्यांमध्ये दिसणारे शिंपल्यांचे तीन प्रकार वेगळ्या जाती आहेत का? दोन खाड्या, तीन प्रकार, प्रत्येकाचे पाच नमुने, म्हणजे 30 प्राणी. प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांकडून वाचायचा, म्हणजे 60 रीड. एका रीडला काही शे रुपये धरा आणि हिशेब करा. मग कळेल की 30 हा आकडा लहान नाही.

स्वतःची प्रयोगशाळा नसेल तर शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, पुण्यातल्या संशोधन संस्था इथे विचारायला सुरुवात करा. जाताना हा एका वाक्याचा प्रश्न आणि नमुन्यांचा तक्ता हातात असू द्या. ‘मला संशोधनाची आवड आहे’ एवढंच लिहिलेल्या पत्राला सहसा उत्तर येत नाही.

परवानगीचं थोडक्यात. बाजारात खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या शिंपल्या, बांगडे, मुडदुश्या यांवर शिकणाऱ्याने काम करायला अडचण नसते. पण प्रवाळ, समुद्री घोडा, समुद्री काकडी, कासवं यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. किनाऱ्यावर मेलेलं सापडलं तरी तुकडा कापून आणायचा नाही. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं आहे, तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काही उचलू नका. आणि सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणं, भारतातच करून घ्या. नमुना देशाबाहेर पाठवायचा म्हटला की 2002 चा जैवविविधता कायदा आणि चेन्नईचं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण आलंच, आणि पहिल्या प्रकल्पात तो व्याप कशाला?

भाट्यावर जायचं कधी

पावसाळ्यात नाही. नदी लाल पाण्याने फुगलेली असते. नोव्हेंबर ते मे हा काळ धरा. (पुढेमागे माशांवर काम करणार असाल तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेही वेळापत्रकात मांडून ठेवा.)

वेळ काढायला मोबाइल लागत नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीड वाजता, तृतीयेला सव्वादोनला. ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे. म्हणजे द्वितीया-तृतीयेला सकाळी साडेसात-सव्वाआठच्या सुमाराला पाणी खाली गेलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या लगतचे दिवस असल्याने उधाणाचा जोर अजून असतो आणि पात्र भरपूर उघडं पडतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी. तेव्हा गेलात तर हात हलवत परत याल.

काढणाऱ्या बायकांशी बोला, आणि घाईत बोलू नका. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका मावशींनी माझ्या तीन प्रकारांचे दोनच ढीग केले आणि म्हणाल्या, “ही चिखलातली, ही वाळूतली. रंगाचं काय घेऊन बसलास!” ते मी वहीत लिहून घेतलं म्हणून बरं. पुढे नात्यांचं झाड काढल्यावर पहिला अर्थ त्या वाक्यातूनच लागला. शिंपल्यांची नावं गावागणिक फिरतात. कुठे तिसऱ्या, कुठे खुबे, कुठे मुळे. कानावर पडेल ते नाव, जागा आणि तारखेसह, जसंच्या तसं लिहा. पुस्तकात सापडणारं ‘शुद्ध’ नाव नंतर शोधता येतं, पण बोली नाव घरी आल्यावर आठवत नाही.

मासे घेणार असाल तर एक सूचना वेगळी. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर पैसे देताच मावशींचा हात सवयीने कोयतीकडे जातो आणि पर-शेपूट उडालेली असते. आधीच सांगा, “मावशी, अख्खाच द्या, साफ नको.” परांमधले काटे मोजल्याशिवाय माशाची ओळख पटत नाही, आणि ते काटे गटारात गेले की डीएनए काढूनही ओळख अर्धीच राहते.

लेबल, आणि माझ्या 23 कुप्या

नवख्यांना वाटतं, खरं काम प्रयोगशाळेत. माझ्या मते अर्धंअधिक काम कुपीवरच्या चिठ्ठीत असतं. मशीन बिघडलं तर प्रयोग पुन्हा करता येतो. नमुना कुठला हे विसरलात तर त्याला औषध नाही.

मी हे महागात शिकलो. पहिल्या वर्षी झाकणांवर जेल पेनने सुबक अक्षरात क्रमांक लिहिले. रिक्षाच्या हादऱ्यांनी दोन कुप्या झिरपल्या, अल्कोहोल सगळ्या खोक्यात पसरलं, आणि घरी पोचलो तेव्हा 23 झाकणं कोरी करकरीत, बोटं मात्र निळी. सगळे नमुने फेकावे लागले.

तेव्हापासून नियम असा: जाड कागदाच्या बोटभर चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायचं आणि ती चिठ्ठी कुपीच्या आत टाकायची. शिसं अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. बाहेर मार्करने लिहा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. चिठ्ठीवर नमुना क्रमांक, जागा, तारीख, गोळा करणाऱ्याची आद्याक्षरं. बाकीचं वहीत: अक्षांश-रेखांश, चिखल की वाळू, पाण्याची खोली, बोली नाव, फोटोचा क्रमांक. फोटोत मोजपट्टी आणि तीच चिठ्ठी दिसली पाहिजे.

कवच टाकू नका. दोन्ही झडपा दोऱ्याने बांधून, आतल्या बाजूला शाईने तोच क्रमांक लिहून, सुक्या डबीत ठेवा. हा तुमचा व्हाउचर, म्हणजे पुरावा. उद्या कुणी विचारलं की हा डीएनए नेमका कुणाचा, तर दाखवायला प्राणी पाहिजे. काम संपल्यावर असे नमुने भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या संग्रहात ठेवण्याबद्दल विचारता येतं.

आता मांस. मसुराच्या दाण्याएवढा तुकडा पुरे, मोठा घ्याल तर आतपर्यंत अल्कोहोल पोचत नाही. तो कापायचा कुठून? दोन झडपा घट्ट धरून ठेवणाऱ्या स्नायूतून. पोटाकडचा मऊ भाग टाळा, आणि याला कारण गमतीचं आहे. बहुतेक प्राण्यांत मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात. शिंपल्यांच्या काही गटांत मात्र नरांकडे बापाकडून आलेला वेगळा मायटोकाँड्रियल डीएनएही असतो आणि तो मुख्यतः जननग्रंथीत साठलेला असतो. तो वाचलात तर एकाच जातीच्या नर-मादीला दोन जाती ठरवून बसाल.

अल्कोहोल 95 टक्क्यांच्या वरचं हवं, मांसाच्या निदान पाचपट, आणि 24 तासांनी ते ओतून नवं भरायचं, कारण मांसातलं पाणी त्यात उतरतं. फॉर्मलिन अजिबात नको, ते डीएनए नासवतं. अॅब्सोल्यूट अल्कोहोल किराणा दुकानात मिळत नाही, त्याला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. तेव्हा कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाशी गोड बोलून ठेवा. आणि पुण्याला नमुने न्यायचे तर रेल्वेत किंवा एसटीत अल्कोहोलच्या बाटल्या घेऊन चढू नका. निघण्याआधी अल्कोहोल ओतून टाका. ओलसर तुकडा घट्ट बंद कुपीत प्रवासापुरता नीट राहतो, पोचल्यावर पुन्हा भरा.

डीएनए काढणं

तयार किट असेल तर त्याच्या कागदावरच्या सूचना पाळा, माझं काही म्हणणं नाही. किट नसेल तरी तत्त्व तेच: पेशी फोडायच्या, प्रथिनं पचवायची, डीएनए वेगळा करायचा. डिटर्जंट असलेल्या द्रावणात तुकडा घालून प्रोटिनेज के हे विकर टाका आणि 56 अंशांवर रात्रभर ठेवा. सकाळी तुकडा दिसेनासा झाला पाहिजे. मग दाट मिठाचं द्रावण घालून प्रथिनं खाली बसवायची, वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या नळीत घ्यायचं आणि थंड अल्कोहोलने डीएनए खाली आणायचा.

शिंपल्यांची अडचण म्हणजे त्यांचा बुळबुळीतपणा. तो चिकट पदार्थ डीएनएबरोबर येतो आणि पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची पायरी, अडवतो. सीटॅब नावाचं रसायन असलेली पद्धत इथे बरी पडते. तेही नसेल तर सगळ्यात स्वस्त उपाय करा: डीएनए दहापट पातळ करून वापरा. नवख्यांना हे उलटं वाटतं, बँड (जेलवर दिसणारी डीएनएची रेघ) आला नाही की ते आणखी डीएनए ओततात. पण पातळ केल्याने अडथळाही दहापट पातळ होतो, आणि डीएनए तर थोडाच लागतो.

पिपेट हातात घेण्याआधी एक तास पाण्यावर सराव करा. 100 मायक्रोलिटर पाणी काट्यावर 0.1 ग्रॅम भरलं पाहिजे. दहा वेळा घ्या, दहाही वेळा तेवढंच भरेपर्यंत सोडू नका.

आणि पावसाळ्यात काम आलंच तर द्रावणं बनवायला लागणाऱ्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीचं झाकण क्षणभरही उघडं ठेवू नका. आपल्याकडच्या हवेत त्याचा पाच मिनिटांत चिखल होतो आणि वजन खोटं येतं.

पीसीआर

कॅरी मुलिस यांना 1983 मध्ये सुचलेली ही युक्ती, तिच्यासाठी त्यांना 1993 चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. डीएनएचा हवा तो तुकडा दर फेरीत दुप्पट करत जायचं. 35 फेऱ्या म्हणजे, कागदावर तरी, एका प्रतीच्या सुमारे 3,400 कोटी प्रती. हेच त्याचं बळ, आणि डोकेदुखीही हीच. तुमच्या हातावरून, शेजारच्या नळीतून, कालच्या प्रयोगातून एक कण उडाला तर त्याच्याही 3,400 कोटी होतात.

कुठला तुकडा वाढवायचा ते प्रायमर, म्हणजे त्याच्या दोन टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, ठरवतात. अपृष्ठवंशी प्राण्यांसाठी 1994 पासून वापरात असलेली जोडी एलसीओ1490 आणि एचसीओ2198, हिला सगळे फोल्मर प्रायमर म्हणतात. 25 मायक्रोलिटरची नळी अशी भरा: तयार मास्टर मिक्स 12.5, दोन्ही प्रायमर एकेक, डीएनए 2, पाणी 8.5. तापमान 94 अंशांवर 30 सेकंद, 48 वर 40 सेकंद, 72 वर एक मिनिट, अशा 35 फेऱ्या. शिंपल्यांवर ही जोडी कधीकधी रुसते. तेव्हा 48 चं 45 करून बघा, नाहीतर 16एस या दुसऱ्या जनुकाचे प्रायमर घ्या. त्यावर दोन आठवडे डोकं आपटत बसू नका.

प्रत्येक खेपेला एक नळी अशी ठेवायची जिच्यात डीएनएऐवजी पाणीच आहे. तिला निगेटिव्ह कंट्रोल म्हणतात. जेलवर, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या मऊ थरावर, त्या नळीच्या जागी काही दिसता कामा नये. दिसलं, तर बाकीचे बँड कितीही देखणे असोत, सगळं फेकायचं. इथे मुलं घासाघीस करतात: ‘सर, कंट्रोलमध्ये फिकट आहे, नमुन्यात ठळक आहे.’ फिकट असलं तरी फेकायचं. पाणी बदला, प्रायमरची नवी नळी उघडा, टेबल ब्लीचने पुसा आणि पुन्हा करा.

जेल 1.5 टक्के अॅगारोजचं, म्हणजे 50 मिलिलिटरला 0.75 ग्रॅम. बँड 700 अक्षरांच्या आसपास यायला हवा. अगदी खाली, 100 च्याही खाली धूसर ठिपका दिसला तर ते प्रायमर एकमेकांना चिकटलेत, आनंद मानू नका. जेल रंगवायला इथिडियम ब्रोमाइड वापरत असाल तर हातमोजे सक्तीचे, आणि तेच मोजे घालून दाराच्या कडीला हात लावायचा नाही.

अक्षरं हाती आल्यावर

सिक्वेन्सिंगच्या फाइलमध्ये चार रंगांच्या लाटा दिसतात. सुरुवातीची 30-50 अक्षरं आणि शेवटचा भाग गढूळ असतो, तो कापा. प्रत्येक अक्षराला दर्जाचा गुणांक असतो. गुणांक 20 म्हणजे शंभरात एक अक्षर चुकण्याची शक्यता, त्याखालच्या अक्षरांवर विसंबू नका. दोन्ही दिशांचे रीड जुळवून एक सिक्वेन्स तयार करा. जिथे ते भांडतात तिथे लाटा डोळ्यांनी बघा, संगणकाला ठरवू देऊ नका.

मग त्याचं प्रथिनात भाषांतर करून बघा. सीओआय हे काम करणारं जनुक आहे, त्याच्या मध्येच पूर्णविराम, म्हणजे प्रथिन इथे संपलं असं सांगणारी खूण, येऊ शकत नाही. आला तर बहुधा तुम्ही केंद्रकात जाऊन पडलेली त्याची मोडकी नक्कल वाचली आहे. पण त्याआधी सांकेतिक तक्ता कोणता निवडला ते तपासा. मायटोकाँड्रियाची लिपी जराशी वेगळी असते: शिंपल्यांसाठी तक्ता 5, माशांसाठी तक्ता 2. नेहमीचा तक्ता 1 ठेवलात तर चांगल्या सिक्वेन्सवरही पूर्णविरामच पूर्णविराम दिसतील. यात माझा एक रविवार गेला आहे.

पुढची पायरी ब्लास्ट, म्हणजे जेनबँक या सार्वजनिक भांडारात आपल्या सिक्वेन्सचे सोयरे शोधणं. माझ्या पहिल्या सात सिक्वेन्सपैकी दोन जीवाणूंचे निघाले होते. शिंपली दिवसभर खाडीचं पाणी गाळते, तिच्या अंगात जीवाणू असणारच, आणि फोल्मर प्रायमर त्यांनाही कधीकधी पकडतात.

सिक्वेन्स शिंपलीचाच निघाला तरी यादीतलं पहिलं नाव उचलून आपल्या तक्त्यात लिहू नका. भांडारात नावं माणसांनीच भरलेली आहेत. 100 टक्के जुळणारे तीन सिक्वेन्स आणि त्यांवर तीन वेगळी नावं, असं सर्रास दिसतं. कोणी जमा केला, कुठून, व्हाउचर आहे का, हे प्रत्येकाचं उघडून बघा. आपलं पापलेटच घ्या. 2023 साली महाराष्ट्राने त्याला राज्य मासा केलं. पुस्तकांतून ते पँपस आर्जेन्टियस म्हणून ओळखलं जायचं. डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासल्यावर भारतीय किनाऱ्यावरच्या पापलेटाला पँपस कँडिडस हे 1829 मधलं जुनं नाव परत दिलं गेलं. भांडारात जुन्या नावाच्या नोंदी मात्र तशाच पडून आहेत.

झाड काढणं आणि ते वाचणं

मेगा हे सॉफ्टवेअर फुकट आहे. सगळे सिक्वेन्स एकाखाली एक रचा, अंतरांचा तक्ता काढा, मग झाड. मुळाशी एक जरा दूरची नातेवाईक ठेवा, दुसऱ्या प्रजातीची एखादी शिंपली चालेल. झाडाच्या फांद्या खेळण्यातल्या भिरभिऱ्यासारख्या सांध्यात फिरवता येतात. दोन नावं कागदावर शेजारी आली म्हणून ती जवळची होत नाहीत. दोघांचा सांधा किती मागे आहे ते बघायचं. सांध्यावरचा बूटस्ट्रॅपचा आकडा, म्हणजे तो सांधा किती भरवशाचा याचं शंभरातलं माप, 70 च्या खाली असेल तर त्या फांदीवर सिद्धांत लटकवू नका.

समजा पट्टेरी, काळपट आणि पांढऱ्या शिंपल्या एकाच झुपक्यात मिसळून आल्या, एकमेकींत अर्धा टक्काही फरक नाही. मग ते नुसते रंग. दोन झुपके पडले आणि मध्ये सात-आठ टक्क्यांचं अंतर निघालं, तर बहुधा दोन जाती. दोन-तीन टक्के आले तर घाई नको. दोन टक्क्यांची सीमा ही सोयीची खूण आहे, निसर्गाने आखलेली नाही.

भाट्ये आणि काळबादेवीच्या शिंपल्यांत काहीच फरक नाही असं निघालं तर मुलं हिरमुसतात. पण त्यामागचं कारण पाहा. शिंपलीची अळी दिवसचे दिवस पाण्यात तरंगते, प्रवाहाबरोबर या खाडीतून त्या खाडीत जाते. सगळ्या किनाऱ्याची सोयरीक चालू राहते. याउलट आपल्या जांभ्याच्या सड्यांवरचे आणि ओलसर मातीतले प्राणी घ्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून 2003 साली एका देवगांडुळाची नवी जात जगापुढे आली, गेगेनिओफिस शेषाचारी. आंधळा म्हणावा असा, मातीत राहणारा, खारं पाणी न सोसणारा उभयचर. त्याला खाडी ओलांडणं म्हणजे महासागर. अशा प्राण्यांमध्ये नदीच्या दोन काठांवर वेगळी कुळं घडायला वाव असतो. त्यांना हात लावण्याची ही वेळ नव्हे, पण शिंपल्यांचं सपाट उत्तर समजायला ही तुलना डोक्यात असू द्या.

आणखी एक. तुम्ही एका जनुकाचं झाड काढलं आहे, तेही बहुतेक आईकडच्या घराण्याचं. जातीचा सगळा इतिहास त्यात नाही. केंद्रकातलं एखादं जनुक पुढच्या वर्षी जोडा.

शेवटी सिक्वेन्स जेनबँकमध्ये जमा करा, व्हाउचर क्रमांक आणि अक्षांश-रेखांशासकट. जातीची खात्री नसेल तर नुसतं ‘मेरेट्रिक्स एसपी.’ लिहा, त्यात कमीपणा नाही. आणि नोंदणी करताना कॉलेजचा ईमेल देऊ नका, स्वतःचा कायमचा द्या. नोंदीत दुरुस्ती सहसा जमा करणाऱ्यालाच करता येते. कॉलेज सुटल्यावर तो पत्ता बंद होतो, आणि तुमची चूक तुमच्याच नावावर तिथे कायमची बसून राहते.